सात तलावांचा रोजचा तक्ता: मे महिन्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये वाचावा

मुंबई महानगरपालिका सात तलावांच्या पाणीसाठ्याचा जो तक्ता रोज सकाळी सहाच्या नोंदीनुसार प्रसिद्ध करते, तो मी काही वर्षांपासून नेमाने पाहतो. टंचाईची पूर्वसूचना म्हणून तो मला अत्यंत भरवशाचा वाटतो. चुकते ते आपले वाचण्याचे वेळापत्रक.

तक्त्यातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्याच तारखेच्या मागील दोन वर्षांच्या साठ्याशी केलेली तुलना, कारण सुटा आकडा वाचून तूट किती आहे ते उमगत नाही. प्रत्येक तलावाचा साठा वेगळा दिलेला असतो, हेही महत्त्वाचे. तुळशी भरून वाहू लागला की शहरात आनंद होतो. परंतु त्याची क्षमता 8,046 दशलक्ष लिटर, तर एकट्या भातसाची 7,17,037 दशलक्ष लिटर आहे. दादरला धो धो पाऊस पडला म्हणून शहापूरकडचे भातसा धरण भरत नाही, हे या रकान्यांतून नेमके कळते.

2024 मध्ये 30 मेपासून 5 टक्के आणि 5 जूनपासून 10 टक्के पाणीकपात लागू झाली, तेव्हा आमच्या सोसायटीने टँकरची चौकशी सुरू केली. तोवर एका पुरवठादाराने दर वाढवले होते आणि दिलेली वेळही तो पाळेना. वरच्या मजल्यांवरची माणसे रात्री अकरापर्यंत बादल्या घेऊन खाली थांबत.

पावसाळा संपताना, 1 ऑक्टोबरला, सातही तलावांत मिळून 14,47,363 दशलक्ष लिटर साठा असेल तर वर्ष निभावते. रोजचा पुरवठा सुमारे 3,900 दशलक्ष लिटर धरला, तर त्या दिवशीची 10 टक्के तूट म्हणजे सुमारे 37 दिवसांचे पाणी कमी. बाष्पीभवन त्यात धरलेलेच नाही. पुढच्या उन्हाळ्याची बातमी आठ महिने आधी हाती येते, ती याच दिवशी.

साठा टक्क्यांऐवजी दिवसांत मांडला, तर सामान्य माणसाला तो अधिक लवकर कळेल, असे मला मनापासून वाटते. म्हणून आता 1 ऑक्टोबरचा तक्ता लिफ्टशेजारच्या फलकावर लावताना मी पेनाने बाजूला लिहितो: एक टक्का म्हणजे जेमतेम पावणेचार दिवस. ते वाचून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दुसऱ्याच दिवशी प्लंबरला बोलावून न्हाणीघरातला गळका नळ बदलून घेतला.