वेलिगामाचा सर्फिंग ग्रुप क्लास: काही महिन्यांनंतरचं मत

मी लाटेवर उभी असलेला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेल्यापासून लोक दोनच गोष्टी विचारतात. पोहता येत नसेल तर चालेल का? आणि किती पैसे लागले? दोन्हींची उत्तरं खाली आहेत. मला मात्र आता एवढे महिने उलटल्यावर तिसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, जो कोणी विचारत नाही: फोटो निघाला तेव्हा मला सर्फिंग कितपत येत होतं? खरं सांगायचं तर उभं राहता येत होतं, सर्फिंग येत नव्हतं. नवशिक्यांच्या ग्रुप क्लासबद्दल माझं जे काही बरंवाईट मत आहे ते या फरकाभोवतीच आहे.

आम्ही ठाण्यातल्या पाचपाखाडीचे. नाताळच्या सुट्टीत मी, नवरा, कॉलेजात शिकणारी लेक आणि नेरुळचा धाकटा दीर असे श्रीलंकेला गेलो. मुंबईहून कोलंबोला विमानाने अडीच तास, तिथून द्रुतगती मार्गाने वेलिगामा आणखी अडीच-तीन तास, क्रिकेटमुळे आपल्याला माहीत असलेल्या गॉलच्या थोडं पुढे. वेळ असेल तर कोलंबो फोर्टहून मातराकडे जाणारी गाडी घ्या. बराच वेळ ती समुद्राला चिकटून धावते, आणि दारात उभं राहायची हौस ठाणेकरांना वेगळी शिकवावी लागत नाही.

नवशिक्यांना सगळे वेलिगामालाच पाठवतात, त्याला कारण आहे. दक्षिणेकडे तोंड असलेला अर्धचंद्राकृती उपसागर, तळाला वाळू. खूप दूर, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालत इथवर येतात, उपसागरात शिरताना नरम पडतात आणि वाळूच्या उतारावर सावकाश फुटतात. पडलात तर खाली वाळू. जवळच्या मिडिगामाला याच लाटा प्रवाळ-खडकावर फुटतात. तिथे नवशिक्यांनी किनाऱ्यावर बसून शहाळं प्यावं.

आपल्याकडे असं का नाही, हे दिराने तिथेच विचारलं. मुंबईसमोरचा समुद्रतळ फार दूरवर उथळ आहे, शेकडो किलोमीटरपर्यंत. लांबून आलेल्या लाटेची ताकद त्या उथळ पाण्यातच बरीच जिरते. पावसाळ्यात लाटा उठतात, पण त्या वाऱ्याने घुसळलेल्या, गढूळ आणि जीवघेण्या. शिवाय भरती-ओहोटी: आपल्याकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं, वेलिगामात मीटरभरसुद्धा नाही. त्यामुळे तिथे सकाळी सातला जागा जशी दिसते तशीच दहालाही दिसते. नवशिक्याला ही मोठीच सोय. चेंदणी कोळीवाड्यातल्या माझ्या मैत्रिणीला हे सगळं उत्साहाने सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे समुद्रात उभं राहायला पैसे मोजलेस तू?” मोजले. बोर्ड आणि रॅश गार्डसकट (पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट) दीड तासाला माणशी आपले हजार-बाराशे रुपये.

क्लासची पहिली पंधरा-वीस मिनिटं वाळूवरच जातात. बोर्डाच्या आकाराची रेघ ओढून तिच्यावर पालथं झोपायचं, हात मारायचे, तळवे छातीजवळ टेकवून अंग उचलायचं, मागचा पाय, मग पुढचा, गुडघे वाकलेले, नजर समोर. नजर खाली गेली की माणूस खाली गेला, हे नवऱ्याने पुढचा तासभर वारंवार सिद्ध केलं. बोर्ड नऊ फुटी, वरून फोमचा. डोक्यावर आदळला तरी फारसं लागत नाही, आणि तो आदळतोच. घोट्याला बांधायची दोरी, म्हणजे लीश, मागच्या पायाला. बोर्ड कधीही आपण आणि लाट यांच्या मध्ये धरायचा नाही. पडायचं ते पसरून, पाठीवर किंवा कुशीवर, डोकं खाली करून सूर मारायचा नाही. वर येताना दोन्ही हात डोक्यावर. ही शिस्त शिकवणाऱ्या पोरांनी न हसता, चार-चार वेळा घोटून घेतली आणि त्यासाठी त्यांना पैकीच्या पैकी गुण.

मग कमरेएवढ्या पाण्यात. लाट आधीच फुटून पांढरा फेस होऊन येत असते. शिकवणारा पोरगा आपल्या बोर्डाचं शेपूट धरून मागे पाहत उभा राहतो, योग्य वाटेल तो फेस येताच “पॅडल, पॅडल” ओरडतो, ढकलतो आणि “अप!” म्हणतो. आपण उठतो. लेक जवळपास लगेच उभी राहिली. मी बऱ्याच गटांगळ्यांनंतर राहिले, आणि तो क्षण भारीच होता, त्यात खोटं काही नाही. किनाऱ्यावर लांब लेन्स घेऊन बसलेला फोटोवाला तो नेमका टिपतो आणि नंतर पैसे घेऊन देतो. फोटो जरूर घ्या, पण आपण डौलदार दिसू अशी आशा ठेवू नका. पहिल्या दिवशी सगळे जण भारतीय पद्धतीच्या संडासात बसल्यासारखे दिसतात, आमच्या क्लासमधलं रशियन जोडपंसुद्धा.

आता माझी तक्रार. लाटेवर उभं राहायच्या आधी तीन कामं असतात: कोणती लाट घ्यायची ते ओळखणं, वेळ साधणं, आणि लाटेच्या वेगाच्या जवळ जाईपर्यंत हात मारणं. ग्रुप क्लासमध्ये ही तिन्ही कामं मागे उभा असलेला पोरगा करतो. आपल्या वाट्याला चौथं येतं, उठून उभं राहणं, कारण फोटो त्याचाच निघतो. सर्फर पाण्यातला बहुतेक वेळ हात मारण्यात आणि वाट पाहण्यात घालवतो आणि लाटेवर अगदी थोडा, हे मला परत येऊन वाचल्यावर कळलं. आमच्या क्लासमध्ये प्रमाण बरोबर उलटं भासवलं होतं.

दुसरी तक्रार आकड्यांची. आम्ही जिथे बुकिंग केलं त्यांनी व्हॉट्सअॅपवर तिघांमागे एक शिकवणारा असं सांगितलं होतं. पहिल्या सकाळी ते पाळलं: आम्ही चौघं, ते रशियन जोडपं, शिकवायला दोघे. नंतरच्या एका सकाळी पाच जणांमागे एकच आला, दर तोच. हिशेब करून बघा. नव्वद मिनिटांतली वीस वाळूवर गेली, उरली सत्तर, म्हणजे माणशी चौदा मिनिटं. बाकीचा वेळ गर्दीत उभं राहून दुसऱ्यांचे सुटलेले बोर्ड चुकवायचे. आणि वेलिगामाला नाताळात गर्दी म्हणजे गर्दी असते. विचारल्यावर “नो प्रॉब्लेम” एवढंच उत्तर मिळालं. त्या पोराचा काही दोष नव्हता, तो बिचारा पाच दिशांना धावत होता.

या क्लासची खरी परीक्षा काही महिन्यांनी गोव्यात झाली. ठाण्याहून कोकणकन्या, थिवीला उतरून मांद्रे. तिथे लाट छोटी, बोर्ड तसाच मोठा, पण या वेळी मी ढकलणारा घेतला नाही, फक्त बोर्ड भाड्याने. सकाळचा बराच वेळ एकही लाट लागेना. कधी मी बोर्डावर जास्त पुढे, मग नाक पाण्यात घुसून कोलांटी. कधी जास्त मागे, मग लाट खालून निघून जाई आणि मी तिथल्या तिथे हात मारत राही. शेवटी बाजूला शिकवत असलेल्या मुलाने सांगितलं: पाण्यावर शांत झोपल्यावर बोर्डाचं नाक पाण्याच्या दोन-तीन इंच वर दिसलं पाहिजे, तुमची हनुवटी तेव्हा कुठे येते ती खूण लक्षात ठेवा. आणि लाट जवळ आल्यावर नाही, त्याच्या आधीपासून हात मारा. दोन वाक्यं. वेलिगामाला ती कोणी सांगितली नाहीत, कारण तिथे गरजच पडू दिली नव्हती.

मग पैसे वाया गेले का? नाही, आणि इथे माझं मत जरा गुंतागुंतीचं होतं. पडायची भीती गेली ती परत आली नाही. बोर्ड कसा धरायचा, लीश कुठे, दुसरा आधीच लाटेवर असेल तर त्याच लाटेत घुसायचं नाही, हे अंगात मुरलंय. आणि सगळ्यात उपयोगी पडली ती गोष्ट सर्फिंगची नव्हेच. एका पोराने वाळूवर उभं करून आम्हाला समुद्र दाखवला होता: दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा गडद, शांत, जिथे फेस नाही. किनाऱ्याला आलेलं पाणी त्या वाटेने परत आत जातं. माणसं नेमकी तिथेच उतरतात, कारण तो भाग निवांत दिसतो. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि मग परत यायचं. त्यानंतर आम्ही गणपतीपुळ्याला गेलो तेव्हा असाच पट्टा दिसला आणि भाचरंडांना मी तिथून हुसकावून लावलं. वहिनी उगाच ओरडते, असं सगळ्यांचं मत पडलं. पडू दे.

आता पोहण्याचा प्रश्न. सर्फिंगच्या शाळावाले सांगतात, गरज नाही, पाणी कमरेएवढंच आहे. मला हे पटत नाही. लीश तुटू शकते, लाट फूटभर पुढे नेते तशी मागेही ओढते, आणि बोर्ड म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. निदान पाण्यात डोकं बुडवून न घाबरता वर येणं आणि तरंगणं यायला हवं. महापालिकेच्या तरणतलावात एक बॅच करून जा. हात मारायला खांदे तयार होतात हा वरचा फायदा. मी परत आल्यापासून फ्रीस्टाइलवर भर दिलाय आणि घरी चटईवर झोपून उठायचा सराव करते. गोव्यात जे थोडंफार जमलं ते त्यामुळेच.

शरीराचं म्हणाल तर दुसऱ्या दिवशी बरगड्या आणि मान दुखतात, पाय नाही. पालथं झोपून मान वर धरायची सवय आपल्याला नसते. गुडघे सोलवटतात, म्हणून शॉर्ट्सपेक्षा घोट्यापर्यंतची पोहायची लेगिंग बरी, आणि ती घातलेली तिथे कोणी वळून बघत नाही. सनस्क्रीन सगळे तोंडाला फासतात, भाजतात ते पोटऱ्या, गुडघ्यांची मागची बाजू आणि कानांच्या पाळ्या. मंगळसूत्र, अंगठ्या खोलीवर ठेवा. चष्मेवाल्यांनी आधीच सांगून टाका. लेन्स घालून समुद्रात जाऊ नका असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, म्हणून मी तशीच उतरले, पण मग हाताच्या खुणा दिसत नाहीत. मी त्या पोराला “खुणा नको, ओरड” एवढं सांगितलं आणि त्याने मनापासून ओरडण्याचं काम केलं. कंबरदुखी असेल तर मात्र हा खेळ नाही, निदान ग्रुपमध्ये नाही. तिथे आपल्या वेगाने कोणी थांबत नाही.

मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत वेलिगामा धरू नका. दक्षिण किनाऱ्याचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पुढे नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की तो समुद्र खवळतो. मे ते सप्टेंबरात पूर्व किनाऱ्यावरचं अरुगम बे चांगलं. नवशिक्यांसाठी तिथे बेबी पॉइंट आहे, पण कोलंबोहून रस्त्याने अख्खा दिवस मोडतो. कुठेही गेलात तरी क्लास सकाळचाच घ्या, दुपारी वारा सुटला की लाटा विस्कटतात.

शाकाहारी मंडळींनी एवढंच लक्षात ठेवावं: डाळ, भात, भाज्या भरपूर मिळतात, पण नारळाच्या चटणीसारख्या पोल सांबोलमध्ये बरेचदा सुकवलेल्या माशाचा चुरा असतो. विचारून घ्या. आम्ही विचारलं नाही, कारण आम्हाला तो आवडला.

पुन्हा जायचं तर मी बुकिंगआधी लेखी घेईन की एका शिकवणाऱ्यामागे किती जण, आणि जास्त आले तर पैसे किती परत. पहिली सकाळ ग्रुपमध्येच, कारण अनोळखी लोक पडताना बघून आपला संकोच जातो आणि हे एकट्याच्या क्लासमध्ये होत नाही. मात्र त्याच क्लासचा शेवटचा अर्धा तास मला ढकलू नका, नुसतं लाट कधी घ्यायची ते सांगा, असं आधी बोलून ठेवीन. त्यानंतरच्या सकाळी एकटीचा तासभराचा क्लास, आणि मग नुसता बोर्ड भाड्याने.

दीर आत्तापासूनच डिसेंबरची तिकिटं बघतोय. “वहिनी, या वेळी तुम्ही आणि मी, ढकलायला कोणी नको,” असं ठरलंय. नवऱ्याला ढकलणाराच हवाय, शिवाय फोटोवालाही. त्याचं बुकिंग वेगळं करणार आहोत.