सवलत नाही, रांग आहे, तरी औषधं इथूनच

मिरजेत मेडिकलला तोटा नाही. दवाखान्यांच्या रस्त्यानं चालत निघालं की एकाला लागून एक गाळे, आणि काचेवर सवलतीचे मोठमोठे आकडे. मी ज्या दुकानाबद्दल लिहितेय तिथं असला कागद नाही. एमआरपीला जे छापलंय तेच द्यायचं. बसायला बाकडं नाही, पायऱ्या उंच, रांग गोगलगायीची. तरी घरातल्या दोन्ही म्हाताऱ्या माणसांची औषधं मी तिथूनच आणते.

सासूबाईंना संधिवात आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज पोटात गेली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावतोसुद्धा. तिच्या जोडीला फॉलिक ॲसिड असतं. आता बाजारातली नावं बघा: मेथोट्रेक्सेटची एक गोळी फोलिट्रॅक्स आणि फॉलिक ॲसिडची एक फोल्वाईट! चिठ्ठीवर डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात दोन्ही ‘फोल’पर्यंत सारखीच दिसतात, पुढं नुसती रेघ. औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावं असं डॉक्टरांच्या नियमावलीत २०१६ पासून आहे. आमच्या डॉक्टरांनी ते अजून वाचलेलं दिसत नाही.

ही चिठ्ठी आली की इथल्या फार्मासिस्ट मॅडम ती काउंटरवरच्या पोराकडं सोडत नाहीत. सासूबाई पहिल्यांदा बरोबर आल्या तेव्हा त्यांनी मला बाजूला ठेवून थेट त्यांनाच विचारलं, “आज्जी, ही पिवळी गोळी कधी घेणार?”

“रोज की, जेवण झाल्यावर.”

“नाही हं आज्जी. फक्त रविवारी. आता सांगा बघू, सोमवारी घ्यायची का?”

सासूबाईंकडून नीट वदवून घेतलं, मगच पाकीट हातात दिलं. पाकिटावर मार्करनं ‘फक्त रविवारी’ आणि आत महिन्याच्या चारच गोळ्या. मी म्हटलं, अख्खी पट्टीच द्या, सारखं कोण येणार? नाही म्हणाल्या. घरात जास्तीच्या गोळ्या असल्या की कधीतरी रोज घेतल्या जातात, म्हणे. मला तेव्हा राग आला होता, पण त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पट्टी कापतानाही एक्स्पायरी छापलेला तुकडा उडणार नाही असं कापतात, आणि उडणारच असला तर तारीख पाकिटावर लिहितात. इतरत्र दोन गोळ्या मागितल्या की हातात चांदीचा बिननावाचा चौकोन येतो.

सासऱ्यांचं इन्सुलिन ही दुसरी कटकट. आपल्याकडं बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. सिरिंजही वेगळ्या: ४० ला लाल टोपण, १०० ला केशरी. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी गाठ पडली तर दहाच्या रेघेपर्यंत भरलेलं इन्सुलिन प्रत्यक्षात पंचवीस युनिट असतं. साखर एवढी उतरली तर म्हातारा माणूस बेशुद्धच पडायचा. मॅडम नुसती सिरिंज मागणाऱ्याला ती देतच नाहीत. आधी बाटली दाखवा, निदान मोबाईलवर तिचा फोटो तरी. एकदा माझ्या पुढच्या गृहस्थांनी यावरून केवढा आवाज चढवला! मॅडमनी सिरिंज हातातच धरून ठेवली, गृहस्थांनी घरी फोन लावून लेबल वाचून घेतलं, मगच दिली. मागं आम्ही सगळे ताटकळत.

इथं येण्याआधी दुसऱ्या एका दुकानातून औषधं आणायचो. तिथं हवी ती कंपनी नसली की “तेच कंटेंट आहे” म्हणून दुसरी पट्टी हातात. असं करता करता सासूबाईंच्या डब्यात ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीची एक पट्टी आणि टेल्मिसार्टनबरोबर ॲम्लोडिपिन असलेली दुसरी, अशा दोन्ही जमल्या, नावं अगदी निरनिराळी. त्यांच्या पायांना सूज आली आणि आम्ही मिठाला दोष देत बसलो. मॅडमनी घरातल्या चालू पट्ट्या आणायला सांगितल्या, काउंटरवर ओळीनं मांडल्या आणि सगळं लक्षात आलं: ॲम्लोडिपिन दोनदा जात होतं, सूज त्याचीच. डॉक्टरांना फोनही तिथूनच लावला.

कर्नाटकातले पेशंट इथं खूप, अथणीचे, जमखंडीचे, विजापूरचे. त्यांच्याशी मॅडम कन्नडमध्ये बोलतात. वाचता न येणाऱ्याला पाकिटावर उगवता सूर्य आणि चंद्रकोर काढून देतात. चित्रं काही खास नाहीत, पण कळतात. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या गोळ्या असलं काही मागितलं की चिठ्ठी दाखवून रजिस्टरमध्ये नोंद. त्यावरून पेशंटच्या नातेवाईकांशी वाद ठरलेला. अशा औषधांच्या सरकारी यादीचा, म्हणजे शेड्यूल एच-वनचा, हा नियम २०१४ पासून आहे, दुकानदाराला ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं, मॅडमची हौस नव्हे.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. दुपारी मॅडम जेवायला गेल्या की चिठ्ठीवरचं औषध मिळत नाही. फार्मासिस्टशिवाय औषध देऊ नये हा कायदा मला मान्य आहे, पण मग दुसरा फार्मासिस्ट ठेवा की! घरपोच सेवा सुरू केलीय ती मला पसंत नाही. पोरगा पिशवी दारात ठेवून जातो. काउंटरवर जी विचारपूस होते, जिच्यासाठी रांगेत उभं राहायचं, तीच नेमकी गळते. किमान मेथोट्रेक्सेट आणि इन्सुलिनला तरी फोन करून विचारायला हवं. आणि ते बाकडं. गुडघे धरलेल्या माणसांना उभं करून संधिवाताची औषधं विकायची म्हणजे कहर आहे.

पाचपैकी चार तारे. जायचं तर सकाळी लवकर जा, ओपीडी सुटल्या की पाय ठेवायला जागा नसते. चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या बरोबर न्या, आयुर्वेदिक आणि गॅसच्या गोळ्यांसकट. नाहीतर मॅडम परत घरी पाठवतात.