फेरफटका की दीर्घ श्वास?

साहेबांचा फोन ठेवला की छातीत धडधड, जबडा आवळलेला. अशा वेळी काय करावं?

श्वासाला जागा लागत नाही. दादरच्या पुलावरच्या गर्दीतही जमतं: 4 आकडे मोजत आत, 6 मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण 6 श्वास. उच्छ्वास लांबला की व्हेगस नर्व्ह (मेंदूतून हृदयाकडे जाणारी नस) हृदयाचे ठोके संथ करते. पाचेक मिनिटांत फरक जाणवतो. डोक्यातलं दळण मात्र थांबेलच असं नाही.

चालायला अर्धा तास हवा, पावसाळ्यात छत्रीही. तरी कटकट रोजचीच असेल तर माझं मत चालण्याला. ताणात ॲड्रेनलिन हे संप्रेरक स्नायूंना पळायला सज्ज करतं आणि आपण खुर्चीला चिकटून! पाय चालले की ती तयारी सत्कारणी लागते. फोन तेवढा घरी ठेवा, नाहीतर साहेबही फिरायला येतात.