स्टिम्युलेटरची कोडिंग गाइड: प्रोसिजरला पैकीच्या पैकी, डायग्नोसिसला काठावर पास

शौचावर ताबा राहत नाही अशा पेशंटला सेक्रल नर्व्ह स्टिम्युलेटर, म्हणजे पाठीच्या तळाशी असलेल्या नसेला विजेचे सौम्य झटके देणारं यंत्र, बसवतात. हे यंत्र बनवणाऱ्या एका कंपनीची ही फुकट पीडीएफ कोडिंग गाइड. अमेरिकेतल्या बाह्यरुग्ण प्रोसिजरचे विम्याचे क्लेम करणाऱ्या, म्हणजे आजार आणि उपचार ठरावीक कोडमध्ये लिहिणाऱ्या माझ्यासारख्या कोडरच्या टेबलावर ती कायम उघडी असते.

प्रोसिजरचा भाग चोख. सुईनं त्वचेतून लीड (नसेपर्यंत जाणारी तार) घातली तर कोड ६४५६१, चिरा देऊन घातली तर ६४५८१, झटके तयार करणारा जनरेटर बसवला की ६४५९०. ट्रायल (आधी काही दिवस करून बघायची चाचणी) आणि कायमचं यंत्र वेगळ्या पानांवर दिलंय, ते फार बरं केलं. ट्रायलची लीडही ६४५६१ मध्येच जाते, त्यामुळे पुढे कायमच्या लीडसाठी तोच कोड पुन्हा दिसला की नवखी पोरं डुप्लिकेट समजून उडवतात. ६४५६१ मध्ये इमेजिंग धरलेलंच आहे, फ्लोरोस्कोपी (चालू एक्स-रे) वेगळी लावू नका, हेही ठळक अक्षरांत आहे.

घोडं अडतं डायग्नोसिसपाशी. हेच यंत्र लघवीच्या तक्रारीसाठीही वापरतात आणि गाइडनं दोन्हींचे कोड एकाच तक्त्यात कोंबलेत. शिफ्ट संपताना डोळे जड झाले की हात एन ३९.४१ वर जातो, तो लघवीचा! आपल्याला हवा आर १५.९. चार्टमध्ये नुसते कपड्यांना डाग असतील तर आर १५.१, घाईनं धावावं लागत असेल तर आर १५.२. मेडिकेअरचा (तिथला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) देशभराचा २३०.१८ हा नियमसुद्धा लघवीपुरताच आहे. शौचासाठी त्या भागात मेडिकेअरचे क्लेम हाताळणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं धोरण उघडून बघावं लागतं. एवढी महत्त्वाची गोष्ट तळटीपेत ढकलली आहे, तीही झूम केल्याशिवाय दिसणार नाही अशा टाइपात. क्लेम नाकारल्याचं डिनायल आल्यावर अपील लिहायला कंपनी येणार आहे का?

सी १७६७ रिचार्ज न होणाऱ्या जनरेटरचा, सी १७७८ लीडचा. हे वस्तूंचे कोड हॉस्पिटलच्या बिलावर, डॉक्टरांच्या नाही. गाइडमध्ये एका ओळीत आहे, तेवढं पुरे.

सगळ्यात कामाचं पान प्रोग्रामिंगचं, म्हणजे बसवलेल्या यंत्राची सेटिंग बदलण्याचं. तीन पॅरामीटरपर्यंत बदलले तर ९५९७१, त्याहून जास्त असतील तर ९५९७२. डॉक्टर नोटमध्ये 'प्रोग्रामिंग केलं' एवढंच खरडतात, मग मोजायचं काय, कपाळ? इथल्या नमुना नोटमध्ये अँप्लिट्यूड, पल्स विड्थ, फ्रिक्वेन्सी असं एकेक नाव लिहिलंय. ते पान मी क्लायंटकडे पाठवून दिलं.

पाचपैकी साडेतीन. डाउनलोड करताना वर्ष बघून घ्या: प्रोसिजरचे कोड १ जानेवारीला बदलतात, डायग्नोसिसचे १ ऑक्टोबरला.