वासरांच्या शिंगकळ्या भूल देऊन जाळण्याची सेवा : आमच्या गोठ्यातील अनुभव

आमच्या गोठ्यात चौदा संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई असून दरवर्षी पाच-सहा कालवडी आम्ही घरीच वाढवतो. गेल्या जानेवारीत चार कालवडींच्या शिंगकळ्या (शिंग फुटण्याच्या जागेचे कोंब) जाळणे आणि एका गोऱ्ह्याचे खच्चीकरण या कामांसाठी एका खासगी पशुवैद्यकांना गोठ्यावर बोलावले. ही कामे ते स्थानिक भूल आणि वेदनाशामक इंजेक्शन देऊनच करतात व त्याशिवाय काम हाती घेत नाहीत, असे शेजारच्या वस्तीवरील एका दूध उत्पादकाने सांगितले होते. प्रत्येक जनावरामागे साडेचारशे रुपये आणि येण्या-जाण्याचे दोनशे रुपये ठरले.

त्याआधीची चार वर्षे हे काम आम्ही गावोगाव फिरणाऱ्या एका माणसाकडून करून घेत होतो. तिघांनी वासरू दाबून धरायचे आणि त्याने तापलेली सळई टेकवायची, एवढीच त्याची रीत होती. नंतर दोन दिवस वासरू दुधाला तोंड लावत नसे, डोके खांबाला घासत असे, कान सारखे झटकत असे आणि मागचा पाय उचलून शिंगाच्या जागेपर्यंत नेण्याचा प्रयत्न करीत असे. जखम भरताना खाज सुटते, अशी आमची समजूत होती. ते दुखणे होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्यांतली एक कालवड आता दुसऱ्या वेताला आली आहे, तरी कपाळाकडे हात नेला की ती अजूनही मान काढून घेते.

पशुवैद्यकांनी आल्यावर प्रथम चारही कालवडींच्या शिंगकळ्या बोटांनी हलवून पाहिल्या आणि अकरा आठवड्यांची एक कालवड बाजूला काढली. साधारण दोन महिन्यांपर्यंत शिंगकळी कातडीत सुटी असते, त्यानंतर ती कवटीच्या हाडाशी जुळते आणि मग जाळून भागत नाही, शिंग कापावे लागते, असे सांगून त्यांनी तिचे काम नाकारले व तिचे पैसेही घेतले नाहीत. उशीर आमच्याकडूनच झाला होता.

उरलेल्या तिघींचे वजन छातीचा घेर फितीने मोजून काढले आणि किलोमागे अर्धा मिलिग्रॅम या हिशेबाने मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक कातडीखाली टोचले. चाळीस किलोच्या कालवडीला वीस मिलिग्रॅम, म्हणजे त्यांच्याकडील बाटलीतील चार मिलिलिटर औषध लागले. त्यानंतर शिंगकळीच्या भोवतीचे केस कापले. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगकळीपर्यंत हाडाची जी धार बोटाला लागते, तिच्या मध्याजवळ खालच्या अंगाला दोन टक्के लिग्नोकेन हे भुलीचे औषध दोन्ही बाजूंना दिले आणि घड्याळ लावून दहा मिनिटे थांबले. या सेवेचे खरे मोल मला त्या दहा मिनिटांत दिसले. पहिल्या कालवडीची वरची पापणी जड होऊन खाली आली, शिंगकळीभोवती सुई टोचली तरी तिने मान हलवली नाही. दुसरी मात्र डाव्या बाजूला दचकली, तेव्हा त्यांनी गॅसवर तापत असलेली डागणी खाली ठेवली, त्या बाजूला पुन्हा थोडे औषध दिले आणि आणखी पाच मिनिटे वाट पाहिली. प्रत्यक्ष डागणी प्रत्येक बाजूला दहा-बारा सेकंदच टेकवली असेल. शिंगकळीभोवती तांबूस कडे पूर्ण उमटले आहे की नाही, हे त्यांनी पाहिले, कारण कडे अर्धवट राहिले की तेथून खुरटे, वाकडे शिंग उगवते. आमच्या जुन्या दोन गाईंना तशी शिंगे आहेत. करपलेल्या केसांचा वास गोठाभर पसरला, पण एकही कालवड हंबरली नाही.

वेदनाशामक वेगळे कशासाठी, असा प्रश्न मी विचारला, कारण भूल दिल्यावर दुसऱ्या इंजेक्शनचा खर्च मला जादा वाटत होता. लिग्नोकेनचा परिणाम तास-दोन तासांत उतरतो, भाजल्याचे दुखणे मात्र त्यानंतर जागे होते आणि ते मेलॉक्सिकॅमने दुसऱ्या दिवसापर्यंत आटोक्यात राहते, असे उत्तर मिळाले. त्याची खात्री संध्याकाळी पटली. सहाच्या सुमारास तिघींनीही आपापले दोन लिटर दूध बादलीतून संपवले. रात्री मी मुद्दाम गोठ्यात बसून राहिलो. एकीने काही वेळा कान झटकले, पण डोके घासताना कोणीही दिसली नाही.

औषधाच्या निवडीबद्दलही येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर आपल्या देशात 2006 पासून बंदी आहे, कारण ते औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक या वेदनाशामकांवरही 2023 मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले आहे. वेदनाशामक मागताना नाव विचारून घ्यावे, ते यासाठी.

गोऱ्ह्याचे काम बर्डिझो चिमट्याने, म्हणजे कातडी न कापता वृषणाकडे जाणारी नस बाहेरूनच दाबून ठेचणाऱ्या चिमट्याने झाले. तेथेही आधी दोन्ही बाजूंच्या नसेत भूल दिली, मेलॉक्सिकॅम टोचले आणि नंतरच चिमटा लावला. दोन दिवस सूज होती, पण तो चालत-खात होता.

उणिवाही सांगतो. सकाळी आठची वेळ देऊन ते साडेदहाला आले आणि तोपर्यंत वासरे बांधून ठेवावी लागली. कोणत्या जनावराला कोणते औषध किती दिले, याची नोंद त्यांनी स्वतःहून दिली नाही, मी मागितल्यावर कागदावर लिहून दिली. जखमेवर हळद किंवा राख लावू नये, ती कोरडी ठेवावी आणि माशी बसू देऊ नये, हेसुद्धा विचारल्यावरच कळले. ज्याच्याकडे हे काम पहिल्यांदा होत असेल, त्याला हे प्रश्न सुचतीलच असे नाही.

तिन्ही कालवडींच्या जखमा चिघळल्या नाहीत आणि खपल्या आपोआप पडल्या. पावसाळ्यात माश्यांमुळे जखमेत अळ्या पडण्याची भीती असल्याने ते या दिवसांत काम टाळतात. आमच्या दोन गाई ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विणार आहेत. कालवडी झाल्या, तर त्या महिन्याच्या होतील तेव्हाची, नोव्हेंबरमधली तारीख मी त्यांच्याकडे आताच घेऊन ठेवली आहे.