साध्या टेक्स्टमध्ये डंजनचे नकाशे: काही महिने वापरल्यानंतर

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमसाठी डंजनचे, म्हणजे राक्षस आणि सापळ्यांनी भरलेल्या तळघरांचे, नकाशे बनवायच्या एका ॲपचं सबस्क्रिप्शन मी संपू दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझेच जुने नकाशे मला नुसते बघता येऊ लागले. बदल करायचा असेल तर आधी नूतनीकरण करा. एक्स्पोर्ट केला तर मधोमध वॉटरमार्क. सपोर्टला लिहिलं, तर धोरण असंच आहे असं उत्तर आलं. पुन्हा लिहिलं, तर तेच उत्तर दुसऱ्या कुणाच्या नावाने. भिंती मी काढल्या, सापळे मी लावले, आणि भाडंही मीच भरायचं? तो राग अजून गेलेला नाही. त्याच रागात साधा टेक्स्ट एडिटर उघडून # आणि टिंबांनी एक खोली काढली. आमच्या कॅम्पेनची, म्हणजे अनेक बैठकींत चालणाऱ्या एका कथेची, सगळी डंजन्स आता अशीच बनतात.

चिन्हं नवी शोधावी लागत नाहीत. १९८० च्या आसपास 'रोग' हा अक्षरांनी डंजन दाखवणारा कॉम्प्युटर गेम आला तेव्हापासून @ म्हणजे आपण, + म्हणजे दार, # म्हणजे बोगदा, आणि त्याच धर्तीच्या नंतरच्या गेम्समध्ये # म्हणजे भिंतही आणि > म्हणजे खाली जाणारा जिना. माझ्या खेळाडूंपैकी ज्यांनी हे गेम कधी पाहिलेही नव्हते, तेसुद्धा पहिल्या सेशनमध्येच नकाशा वाचायला लागले.

चौकोनाचं गणित मात्र आधी सोडवावं लागतं. मोनोस्पेस, म्हणजे सगळी अक्षरं एकाच रुंदीची असलेल्या, फॉन्टमधलं अक्षर साधारण रुंदीच्या दुप्पट उंच असतं, त्यामुळे एक अक्षर म्हणजे एक चौकोन धरलात तर चौरस खोली उभट दिसते. मी आडवी दोन अक्षरं मिळून ५ फुटांचा एक चौकोन धरतो. मग २० बाय २० फुटांची खोली अशी येते:

```
##########
#........#######
#........+......
#..~~....#######
#......>>#
##########
```

आत आडवी आठ अक्षरं, उभ्या चार ओळी. ~~ हा पाण्याचा एक चौकोन, >> हा जिन्याचा. पूर्वेच्या दारातून ५ फूट रुंदीचा बोगदा निघतो. एवढं काढायला मिनिटही लागत नाही.

दोन सेटिंग्ज मात्र आधीच बघून घ्या. सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटायची सोय बऱ्याच एडिटरांत असते, ती बंद हवी. आणि इन्सर्ट की दाबून ओव्हरराइट मोड चालू ठेवायचा, म्हणजे टाइप केलेलं अक्षर जुन्या अक्षराच्या जागी बसतं, पुढची भिंत ढकलत नाही. मी आधी सगळी पाटी # ने भरतो आणि मग टिंबांनी खोल्या कोरत जातो. भिंतींचा विचारच करावा लागत नाही. जे कोरलं नाही ती भिंत.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. यात मराठी लिहिता येत नाही. म्हणजे लिहिता येतं, पण लिहिलं की भिंत सरकते.

खोलीत 'विहीर' असं लिहून बघा. डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, युनिकोडच्या हिशेबात पाच कोडपॉइंट (काना-वेलांट्यांसकट प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक) आहेत आणि पडद्यावर किती जागा व्यापायची ते फॉन्ट ठरवतो. कोडिंगसाठीच्या बहुतेक मोनोस्पेस फॉन्टांत देवनागरी नसतेच, मग सिस्टिम दुसऱ्या कुठल्या तरी फॉन्टातून अक्षरं आणते आणि त्यांची रुंदी आपल्या रकान्यांशी कुठेच जुळत नाही. तेवढ्या एका ओळीत उजवी भिंत बाहेर येते किंवा आत घुसते. मोकळ्या जागा घालून ती जुळवली, तर दुसऱ्या मशीनवर पुन्हा हलते. 'भट्टी', 'शस्त्रागार' अशी जोडाक्षरांची नावं तर विचारू नका. देवनागरी आकड्यांचंही तेच. ० ते ९ बघायला सुटसुटीत, पण तेही परक्या फॉन्टातूनच येतात.

यात माझा किती वेळ गेला असेल ते सांगवत नाही. फॉन्ट बदलले, एडिटर बदलले, टर्मिनल बदललं. प्रत्येक ठिकाणी भिंत वेगळ्या जागी सरकलेली. कुणी म्हणेल, नकाशावर इंग्रजीत लिही आणि मोकळा हो. पण आम्ही मराठीत खेळतो. जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मराठीत बोलतो, खेळाडू मराठीत भांडतात, आणि नकाशावर तेवढं इंग्रजी, हे मला पटत नाही. सुरुवातीला माझं मत असं झालं होतं की ही पद्धत आपल्यासाठी नाहीच, आणि हे लिखाण तेव्हाच केलं असतं तर तक्रारीवरच संपलं असतं.

मत बदललं ते एक गोष्ट नीट पाहिल्यावर. देवनागरी शब्द फक्त आपल्या उजवीकडचं बिघडवतो. त्याच्या डावीकडचं एकही अक्षर हलत नाही. मग शब्द ओळीच्या अगदी शेवटी, सगळ्या भिंतींच्या पलीकडे लिहिला तर? उजवीकडे काही नाही, त्यामुळे बिघडायलाही काही नाही. आता खोलीत फक्त इंग्रजी आकडा असतो आणि त्याच ओळीच्या समासात 'विहीर, पाणी गोडं, तळाशी साखळी' असं बिनधास्त लिहितो. वरखालच्या भिंती सरळच्या सरळ. शिवाय समास कापून उरलेला नकाशा खेळाडूंना देता येतो, म्हणजे त्यांना आकडे दिसतात, गुपितं दिसत नाहीत. खोलीतच नाव लिहिता आलं असतं तर ही सोय झाली नसती. तरीही फॉन्टवाल्यांनी या दोन-दोन रकान्यांत बसणाऱ्या देवनागरीचं काहीतरी करावं, ही माझी मागणी कायम आहे.

सगळ्यात मोठा आनंद डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर मिळाला. तिथे साध्या खात्याला एका मेसेजमध्ये २००० अक्षरांची मर्यादा असते. व्हीटी१०० सारख्या जुन्या टर्मिनलचा पडदा म्हणजे ८० रकाने आणि २४ ओळी, एकूण १९२० अक्षरं. त्यात ओळी तोडणारी २३ धरा, आणि कोड ब्लॉकची (मजकूर मोनोस्पेसमध्ये जसाच्या तसा दाखवणाऱ्या चौकटीची) वरची-खालची तीन-तीन चिन्हं त्यांच्या ओळींसकट ८. झाली १९५१. एक अख्खा पडदा एका मेसेजात मावतो आणि वर ४९ अक्षरं उरतात! ऑनलाइन सेशनला मी मेसेज एडिट करून दार उघडलं की + च्या जागी ' टाकतो, राक्षस मेला की त्याचं चिन्ह पुसतो. ना लॉगिन, ना नकाशा लोड होण्याची वाट. फोनवरून खेळणाऱ्यांना मात्र ८० रकाने झेपत नाहीत, ओळ मोडून खाली येते आणि नकाशाचा चुराडा होतो. त्यांच्यासाठी मी ३० रकान्यांचे तुकडे करून पाठवतो.

रंग हवे असतील तर रेक्सपेंट हे अक्षरांनी चित्र काढायचं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, विंडोजवर चालतं आणि एका चित्रात नऊ थर देतं. गुप्त दारं एका थरावर, सापळे दुसऱ्यावर, आणि खेळाडूंसाठी पीएनजी काढताना ते थर झाकायचे. यात चौरस फॉन्ट असल्याने एक अक्षर म्हणजे सरळ एक चौकोन. आयबीएमच्या सीपी४३७ या जुन्या अक्षरसंचातल्या २५६ चिन्हांत एकेरी आणि दुहेरी रेघांच्या भिंती आहेत, आणि एकेरी भिंत दुहेरीला जिथे भिडते त्या सांध्यासाठीही ╟ सारखी चिन्हं आहेत. बाहेरचा तट दुहेरी, आतली पार्टिशन एकेरी, फार देखणं दिसतं. व्हीजीए या जुन्या पीसीच्या डिस्प्ले हार्डवेअरच्या टेक्स्ट मोडमध्ये अक्षर ९ पिक्सेल रुंद आणि आकृती ८ चीच, म्हणून रेघांच्या चिन्हांपुरता आठवा रकाना नवव्यात पुन्हा उमटवायची व्यवस्था हार्डवेअरमध्येच केलेली होती, नाहीतर प्रत्येक आडव्या भिंतीत फट दिसली असती. आजच्या एडिटरांत ओळींमधलं अंतर जास्त ठेवलेलं असलं की तीच फट उभ्या भिंतींत दिसते. लाइन हाइट १ करा, जाते.

तरी रोजच्या कामाला मी # वरच आहे. टेक्स्ट फाइल कुठेही उघडते, गिटमध्ये (फाइलीतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात) टाकली की कुठल्या सेशननंतर कुठली भिंत पडली ते ओळीगणिक दिसतं, आणि कुणी ती माझ्यापासून कुलूपबंद करू शकत नाही.

मिनिएचर, म्हणजे छोट्या मूर्ती, मांडून खेळणाऱ्यांना हे पुरणार नाही. १ इंचाचा चौकोन हवा असेल तर रेक्सपेंटची पीएनजी मोठी करून छापावी लागते, आणि ए४ वर समास सोडून साधारण ७ बाय १० चौकोन बसतात. मोठी करताना स्केलिंग 'निअरेस्ट नेबर' ठेवा, नाहीतर अक्षरांच्या कडा धुरकट येतात. आणि पार्श्वभूमी काळीची पांढरी करून घ्या, एका डंजनमध्ये अख्खी काळी शाई संपते.