जेआरएफवर इतिहासाची पीएचडी: खर्च, वेळ आणि दप्तर

इतिहासात एम.ए. करणारं कुणी भेटलं की मी त्यांना एवढं तरी सांगतेच: नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला बसताना नुसत्या प्राध्यापकपदाच्या पात्रतेवर थांबू नका, तिच्यातूनच मिळणारी जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, काढायचीच म्हणून अभ्यास करा. मी सध्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) या फेलोशिपवरच पीएचडी करते आहे. विषय आहे अठराव्या शतकातली घाटवाटांवरची जकात. वाईकडून महाडला, कऱ्हाडकडून चिपळूणला जाणारा माल कुठे अडवला जायचा, त्यावर काय आकारायचे आणि तो पैसा कुणाच्या खाती जमा व्हायचा, हे मी शोधते. माझे बहुतेक दिवस पुण्याच्या पेशवे दप्तरात, म्हणजे पेशवेकालीन सरकारी कागदांच्या संग्रहात, जातात.

आधी रकमेचं. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात. दोन वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञासह समिती तुमचं काम पाहते, आणि ते पसंत पडलं की सीनियर म्हणून पुढची तीन वर्षं ४२,०००. वसतिगृहात राहत नसाल तर घरभाडे भत्ता वेगळा. पुण्यात खोलीभाडं, मेस, बसपास हे सगळं यात भागतं आणि घरी थोडे पाठवताही येतात. चैन होत नाही, पण महिनाअखेरीला उसनवारी करावी लागत नाही.

याआधी मी एका कॉलेजात सीएचबीवर शिकवत होते. तासिका तत्त्वावर शिकवलेल्यांना वेगळं सांगायला नको. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत शून्य, आणि बिल कधी निघेल ते कुणीच सांगत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे सरकारी दप्तर शनिवार-रविवार बंद. आठवडाभर वर्गावर असलेल्या माणसाने कागद बघायचे कधी? इतिहासाचे कितीतरी हुशार विद्यार्थी या एका कारणाने छापील साधनांवरच प्रबंध उरकतात. दोष त्यांचा नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी दप्तराच्या दारात उभं राहता येणं, हे मला जेआरएफने दिलं, आणि माझ्या लेखी तिची खरी किंमत तीच.

पाच वर्षांची मुदत म्हणूनच मला रकमेइतकीच मोलाची वाटते. रियासतकार सरदेसाईंनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. प्रचंड काम आहे ते. पण निवड मुख्यतः राजकारणाची. जकातीचे हिशेब, ताळेबंद, जमाखर्चाच्या झडत्या अजून मोडीतच रुमालांत (कापडी गाठोड्यांत) बांधलेल्या आहेत. मोडी शिकणं ही पहिली पायरी, खरी दमछाक पुढे आहे. कारकुनागणिक वळण बदलतं, अर्धे शब्द तोडून लिहिलेले असतात, आकड्यांची मांडणी निराळी. सालं अरबी शब्दांत: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सनाचं ११७२, आणि हे वर्ष मृगाला सुरू होणारं, म्हणून इसवी सनात ते १७७१-७२ असं दोन सालांत विभागलं जातं. एका कागदावर अख्खी सकाळ घालवावी आणि हाती बैलांवर लादलेल्या मिठाची एक नोंद यावी, असे दिवस येतात. दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये असे दिवस परवडत नाहीत. पाच वर्षांच्या मुदतीत परवडतात, आणि त्या मिठाच्या नोंदीपासूनच माझं एक प्रकरण उभं राहिलं.

आता जिथे ही योजना इतिहासाला कमी पडते ते. आकस्मिक खर्चासाठी मानव्यशाखेला पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपये, पुढे २०,५००. मासिक रक्कम २०२३ मध्ये वाढली, हे आकडे तिथेच राहिले. म्हणजे कागद बघायला सगळ्यांत जास्त फिरावं लागतं त्याच वर्षांत हातात सगळ्यांत कमी पैसे. १८१८ नंतर कंपनी सरकारने माझ्या घाटांचं काय केलं, ते मुंबईच्या पुराभिलेखागारात, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. मुंबईत राहणं, प्रती काढणं, जेवण यांतच वर्षाची रक्कम संपते. आपण प्रयोगशाळा मागत नाही. प्रवास आणि प्रती हीच आपली प्रयोगशाळा आहे, आणि यूजीसीने तिचा वेगळा विचार करायलाच हवा.

पैसे कॅनरा बँकेच्या पोर्टलमार्फत थेट खात्यात येतात, ही पद्धत चांगली. मात्र दर महिन्याला तुमच्या विद्यापीठाने तुमची हजेरी पोर्टलवर नोंदवावी लागते. एक जण भरतो, दुसरा मंजूर करतो. त्यांतला एक रजेवर गेला की महिना अडतो. माझाही अडला आहे. म्हणून रुजू झाल्या झाल्या दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, आणि ही दोन्ही कामं कुणाकडे आहेत ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

परीक्षेबद्दल एक गोष्ट मनापासून खुपते. इतिहासाची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. मराठीतून बी.ए., एम.ए. केलेली, मोडी सराईत वाचणारी मुलं तिथे अडखळतात. महाराष्ट्राची सेट ही राज्यपातळीवरची परीक्षा पास झालात तर सहायक प्राध्यापक व्हायची पात्रता मिळते, फेलोशिप नाही. नेटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. जेआरएफसाठी वयाची अट ३० आहे. मुलींना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत आहे. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायकांना हे कुणीतरी आवर्जून सांगायला हवं.

जेआरएफ हुकली तरी दारं बंद होत नाहीत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था पीएचडीला अधिछात्रवृत्ती देतात. दिल्लीची भारतीय इतिहास अनुसंधान परिषद तर खास आपल्याच विषयाची. तिची कनिष्ठ फेलोशिप दोन वर्षांची, शिवाय अभ्यासप्रवासाला वेगळं अनुदान. प्रबंधाला लंडनमधले इंडिया ऑफिसचे (ब्रिटिशांच्या भारतविषयक खात्याचे) कागद लागणार असतील तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची छोटी अनुदानं पाहा. एका वेळी दोन फेलोशिपा मात्र घेता येत नाहीत.

जेआरएफचं पत्र हाती आल्यावर ते तीन वर्षं चालतं, तेवढ्यात पीएचडीला प्रवेश घ्यायचा. हा काळ नुसता वाट बघण्यात घालवू नका. भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा जवळ जिथे असेल तिथे मोडीचा वर्ग लावा, आणि विषय ठरवण्याआधी दप्तराच्या याद्या चाळून तुमच्या तालुक्याचे, परगण्याचे कागद कुठे आहेत ते वहीत उतरवून घ्या. मार्गदर्शकांकडे ती वही घेऊनच जा.